गुडघा बदलल्यानंतर पायाचं भान आणि चाल : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात पेशंट एकच विचारतात, ‘दुखणं कधी थांबणार?’ दीड-दोन महिन्यांनी तेच पेशंट जरा संकोचून दुसरंच काही सांगतात. ‘तसं दुखत नाही हो फारसं. पण पाय माझा वाटत नाही.’ कुणी म्हणतं, पाऊल कुठे पडतंय ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही. कुणी म्हणतं, गुडघा आत्ता दगा देईल असं सारखं वाटतं. एक्स-रे छान असतो, टाके भरलेले असतात, डॉक्टर खूश असतात, त्यामुळे ही तक्रार ऐकून घ्यायला कुणाला फारशी सवड नसते. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे ती रोज येते. त्याच तक्रारीभोवतीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

‘पाय माझा वाटत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?

डोळे मिटा आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावा. लागलं ना? हात कुठे आहे, कोपर किती वाकलंय, हे न बघता तुम्हाला ठाऊक होतं. उंबरा ओलांडताना आपण पायाकडे बघत नाही. पलंगावर बसल्या बसल्या, टीव्हीवरची नजर न काढता, पायानेच चप्पल शोधून घालतो. सांधा किती वाकलाय, कुठल्या दिशेने हलतोय, किती जोर लागतोय, याची खबर शरीर आतल्या आत मेंदूला देत असतं. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या आतल्या जाणिवेला नाव दिलं, त्यावरून आजचा ‘प्रोप्रिओसेप्शन’ हा शब्द आला. मी पेशंटशी बोलताना ‘गुडघ्याचं भान’ म्हणते आणि इथेही तेच म्हणणार आहे.

हे भान शाबूत असताना ते आहे याचा पत्ताही लागत नाही. कमी झालं की माणूस नकळत जमिनीकडे बघून चालायला लागतो. मान खाली, पावलं आखूड, एक हात भिंतीच्या जवळपास.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढतात? भान देणाऱ्या नसाही कापल्या जातात का?

मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक साधारण आठ-दहा मिलिमीटर तासून काढतात. वर धातूची टोपी बसवतात, खाली धातूची बैठक आणि दोहोंमध्ये पॉलिइथिलिनचा, म्हणजे एका चिवट प्लास्टिकचा तुकडा. बरेच डॉक्टर वाटीच्या मागच्या बाजूलाही प्लास्टिकची चकती बसवतात. आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, जाते. पुढचा क्रूसबंध, म्हणजे दोन हाडांना आतून बांधणारा पट्टा, ज्याला क्रिकेटच्या बातम्यांमुळे सगळे ‘एसीएल’ म्हणून ओळखतात, तोही बहुतेक वेळा काढावा लागतो. मागचा क्रूसबंध काही प्रकारच्या सांध्यांत ठेवतात, काहींत काढतात. बाजूचे बंध, स्नायू, त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांध्याभोवतीच्या वेष्टनाचा बराचसा भाग मात्र तुमचा तुमच्याकडेच राहतो.

आता खरी मेख. एसीएल, गादीच्या कडा आणि वेष्टन यांत ताण आणि दाब ओळखणारी सूक्ष्म मज्जातंतूंची टोकं असतात. तो भाग गेला की त्याची खबरही गेली. धातूला आणि प्लास्टिकला मज्जातंतू नसतात, त्यामुळे त्यांच्याकडून कुठलीच बातमी येणार नाही.

आपल्या लोकांना हे ऑपरेशन माहीत झालं ते अटलबिहारी वाजपेयींमुळे. पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० साली त्यांचा डावा आणि २००१ साली उजवा गुडघा बदलला गेला. ऑपरेशन करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात ज्या मंडळींनी ‘टोटल कंडायलर’ नावाचा सांधा घडवला त्यांच्यातले एक. आज बसवले जाणारे बरेचसे सांधे त्याच घराण्यातले आहेत.

मग भान पार जायला हवं. तरी लोक चालतात कसे?

कारण गुडघ्याचं भान मुळात गुडघ्यात कमी आणि स्नायूंत जास्त असतं.

प्रत्येक स्नायूच्या आत चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले बारीक अवयव असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने ताणला गेला, हे ते मोजतात. १९७२ साली गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज या संशोधकांनी यावर सुंदर प्रयोग केला होता. माणसाच्या दंडाच्या कंडऱ्यावर कंप देणारं यंत्र लावलं. हात जागच्या जागी होता, पण डोळे मिटलेल्या माणसाला वाटलं, आपलं कोपर सरळ होतंय. कंपामुळे स्नायूतल्या चात्या चेतवल्या गेल्या आणि मेंदूने समज करून घेतला की स्नायू ताणला जातोय, म्हणजे सांधा हललाच असणार. सांध्याला कुणी हातही लावला नव्हता.

गुडघ्याचंही असंच आहे. मांडीचा पुढचा स्नायू, मागचे स्नायू, पोटरी हे सगळे ऑपरेशननंतरही जागेवर असतात. गुडघा वाकताना ताणली जाणारी कातडी असते, तळपायाचा स्पर्श असतो, खुबा आणि घोटा असतात. खबर देणारे बरेच आहेत. त्यातला एक कायमचा गेला आणि बाकीचे सध्या सुजेखाली दबलेत, एवढंच.

आणि जो गुडघा काढला तो तरी कुठे शहाणा होता? संधिवाताने झिजलेल्या गुडघ्याचं भान ऑपरेशनच्या आधीच घटलेलं असतं. कित्येकदा एक गुडघा जास्त दुखतो, पण भान दोन्ही गुडघ्यांचं कमी भरतं.

म्हणजे ऑपरेशननंतर भान सुधारतं की बिघडतं?

सरळ उत्तर आवडलं असतं, पण अभ्यासांचं एकमत नाही. काहींत ऑपरेशनआधीपेक्षा सुधारणा दिसते, काहींत काहीच फरक दिसत नाही, तर थोड्यांत पहिले काही महिने घट दिसते. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, कुणी सहा आठवड्यांनी मोजलं तर कुणी वर्षाने, म्हणून निष्कर्षही वेगळे. एवढं मात्र धरून चालायला हरकत नाही की वेदना गेल्याने, वाकडा पाय सरळ झाल्याने आणि सैल पडलेल्या बंधांना पुन्हा ताण मिळाल्याने बऱ्याच जणांना फायदा होतो, पण त्याच वयाच्या निरोगी गुडघ्याइतकं भान सहसा येत नाही.

माझं मत विचाराल तर हा प्रश्न तराजूत घालत बसू नये. गेलेला बंध परत येणार नाही. उरलेले स्नायू किती हुशार करायचे, ते आपल्या हातात आहे.

मागचा बंध राखणारा सांधा घेतला तर भान जास्त राहील का? त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

तर्काला पटतं, पण प्रत्यक्षात बंध राखलेल्या आणि काढलेल्या पेशंटांच्या भानात आणि चालण्यात ठळक, भरवशाचा फरक आढळलेला नाही. तुमच्या गुडघ्याचा वाकडेपणा आणि बंधांची अवस्था पाहून सर्जन ठरवतील तो सांधा घ्या. या एका कारणासाठी खिसा रिकामा करू नका.

हे भान मोजतात कसं? घरी पाहता येतं का?

दवाखान्यात पेशंटला उंच टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसवतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात. गुडघा ठरावीक कोनात, समजा ४५ अंशांत, नेऊन काही सेकंद धरतात. ‘हा कोन लक्षात ठेवा.’ पाय पूर्ववत खाली. मग पेशंटने स्वतः गुडघा त्याच कोनात आणायचा. जितक्या अंशांनी चुकला तितकी त्रुटी. दोन-चार अंशांची चूक धडधाकट माणसाचीही होते.

घरी फरशी कामाला येते. खुर्ची अशी ठेवा की पावलासमोर फरशीची रेषा येईल. पायात मोजा घाला म्हणजे पाय सहज सरकेल. डोळे उघडे ठेवून टाच रेषेवर न्या, थांबा, परत मागे घ्या. आता डोळे मिटून टाच पुन्हा त्याच रेषेवर नेऊन थांबवा. डोळे उघडा. नातवाला पट्टी घेऊन बसवा, तो अगदी निर्दयपणे मोजतो. आधी चांगल्या पायाने करा, मग ऑपरेशनच्या. दर आठवड्याला कॅलेंडरवर आकडा लिहा. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, पण व्यायाम म्हणून उत्तम.

बसून घेतलेल्या या परीक्षेत पहिला आलेला पाय चालण्यातही पहिला येईल, असं मात्र समजू नका. चालताना अंगाचं वजन पायावर असतं, स्नायू ताठलेले असतात, तळपाय जमिनीला टेकलेला असतो. ते वेगळंच जग आहे.

मग चाल अडखळते ती कशामुळे? भान कमी म्हणून की ताकद कमी म्हणून?

पहिल्या तीन महिन्यांत बहुतांशी ताकदीमुळे. मांडीचा पुढचा मोठा स्नायू ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात इतका ढिला पडतो की आधीच्या निम्मी ताकदही उरत नाही. तो सुकून बारीक झाला म्हणून हे होतं असं लोकांना वाटतं. खरं कारण बरंचसं वर, मेंदू आणि मज्जारज्जूत आहे. सुजलेल्या सांध्याकडून येणारी खबर मज्जारज्जू ‘स्नायू बंद ठेव’ अशी घेतो. निरोगी माणसाच्या गुडघ्यात नुसतं २० ते ३० मिलिलिटर सलाइन, म्हणजे चार-सहा चमचे पाणी, भरलं तरी वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू थंडावतो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. तुमच्या गुडघ्यात तर ऑपरेशनची सूज असते. म्हणून बर्फ, पाय उंच ठेवणं आणि अति न चालणं यांचाही व्यायामाशी थेट संबंध आहे. सूज उतरली की ब्रेक सुटतो.

आता ताकद आणि भान यांची गाठ पाहा. ढिला स्नायू खबरही ढिलीच देतो. वजन पडल्यावर गुडघा जरा वाकून धक्का झेलायचा असतो. तेवढी खात्री नसल्याने पेशंट गुडघा ताठ, काठीसारखा ठेवून टाच टेकवतो. चालताना पाय पुढे घेताना गुडघा साधारण ६० अंश वाकायला हवा. तो वाकत नाही, मग पाय बाजूने फिरवून आणावा लागतो आणि कंबर वर उचलावी लागते. वर्षानुवर्षं दुखऱ्या गुडघ्याने चालताना लागलेली हीच लकब मेंदूत मुरलेली असते. गुडघा नवा आला, चाल जुनीच राहिली. कित्येकांचा गुडघा टेबलावर ११० अंश वाकतो आणि चालताना तोच गुडघा ३० अंशांवर अडतो. अशा पेशंटला आणखी वाकवण्याचे व्यायाम देऊन काय उपयोग? त्याला चाल शिकवायला हवी.

चालण्याची प्रगती कशी मोजायची? किती दिवसांत काय यायला हवं?

फिजिओ तुमच्याकडून दोन-तीन सोप्या गोष्टी करून घेतील. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून यायचं, बसायचं, आणि घड्याळ लावायचं. १२ सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून आम्ही तोलाकडे नीट बघतो. सहा मिनिटांत किती मीटर चालता, अर्ध्या मिनिटात हाताचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता, हेही मोजतात.

वेळेचं गणित माणसागणिक बदलतं. ढोबळमानाने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वॉकर सुटून काठी येते आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास घरात काठीही सुटते. पहिल्या महिन्यात तुम्ही ऑपरेशनआधीपेक्षा हळू चालाल, हे आधीच सांगून ठेवते. ‘चांगली चालत होते, उगाच केलं’ हे वाक्य मी चौथ्या आठवड्यात हमखास ऐकते. तीन महिन्यांच्या सुमारास बहुतेक जण आधीच्या चालीशी बरोबरी करतात आणि मग पुढे जातात. सहा महिने ते वर्षभर सावकाश सुधारणा होत राहते. वर्षानंतरही जिना आणि भरभर चालणं यांत समवयस्क निरोगी माणसापेक्षा थोडं मागे राहणं सर्रास आढळतं.

उजेडात नीट चालते, पण लाइट गेली की किंवा तोंड धुताना तोल जातो. असं का?

कारण तुम्ही आतापर्यंत डोळ्यांनी चालत होता.

तोल तीन गोष्टींवर उभा असतो : डोळे, आतला कान आणि पायांचं भान. भान कमी पडलं की डोळे त्याचं काम अंगावर घेतात आणि दिवसभर काही बिघडलेलं जाणवत नाही. जर्मन डॉक्टर मोरित्झ रोम्बेर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात हेच हेरलं. पाय जुळवून उभ्या असलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगायचे, भान गेलेलं असेल तर तो झुलायला लागतो. बेसिनवर वाकून, साबण लावून, डोळे घट्ट मिटणं ही तीच परीक्षा, तीही ओल्या फरशीवर. भारनियमनाच्या रात्री बाथरूमला उठणं हीसुद्धा तीच.

तेव्हा पहिले तीन महिने तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेवर ठेवा किंवा बाजूला स्टूल ठेवून बसूनच धुवा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा बारीक दिवा लावा. मोरीच्या दाराशी असलेली पायपुसणी उचलून टाका, ती घसरते. मोरीला उंच कट्टा असेल तर त्याच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावा. हे सगळं ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी करून ठेवा. घरी आल्यावर कुणाला वेळ नसतो.

मला मधुमेह आहे. त्याचा याच्याशी काही संबंध?

आहे, आणि तो फार कमी जण सांगतात. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होतात. गुडघ्याचं भान कमी असताना तळपाय हा मोठा आधार असतो, तोच गेला तर चाल कापसावर चालल्यासारखी होते. आम्ही १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याने तळपायाला टोचून आणि १२८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा कंप पावणारा चिमटा घोट्याच्या हाडाला लावून हे पाहतो. दोन मिनिटांचं काम आहे. तुमचं केलं नसेल तर मागून घ्या.

बी-१२ जीवनसत्त्वाचंही तसंच. पूर्ण शाकाहारी घर आणि वर्षानुवर्षं मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी, ही जोडी आपल्याकडे घरोघरी सापडते आणि दोन्हींमुळे बी-१२ घटतं. ते फार कमी झालं की मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचा, म्हणजे नेमका भानाची खबर मेंदूकडे नेणारा मार्ग खराब होतो. दोन्ही पायांना मुंग्या, अंधारात झोकांड्या, असं असेल तर नव्या गुडघ्याला दोष देण्याआधी रक्त तपासा. कमतरता वेळेवर सापडली तर उपाय सोपा आहे.

मोतीबिंदू लांबणीवर टाकला असेल, तर तोल डोळ्यांवर चाललाय हे आठवा.

पाय लांब झाल्यासारखा वाटतो. शिवाय बाहेरची बाजू बधिर आहे आणि आतून टकटक आवाज येतो.

वर्षानुवर्षं धनुष्यासारखा बाकदार झालेला पाय सरळ केला की थोडा लांब होतो, आणि मेंदूकडचा नकाशा अजून जुनाच असतो. बऱ्याच जणांचं हे वाटणं काही आठवडे-महिन्यांत विरतं. मनाने दुसऱ्या बुटात उंची वाढवणारा जादा तळवा घालून बसू नका, आधी मोजून घ्या.

बधिरपणा येतो तो चिऱ्याच्या वाटेत कातडीची एक बारीक नस कापली जाते म्हणून. बधिर पट्टा महिन्यागणिक आक्रसतो. थोडा कायमचाही राहू शकतो, त्याने चालण्याचं नुकसान होत नाही. गुडघे टेकून देवाला नमस्कार करताना विचित्र वाटेल तेवढंच. टकटक म्हणजे धातू प्लास्टिकवर आपटल्याचा आवाज. दुखत नसेल, सूज नसेल, तर दुर्लक्ष करा.

दोन्ही गुडघे एकदम बदलले तर भान परत यायला जास्त वेळ लागतो का?

एकच बदलला तर दुसरा पाय मार्गदर्शक असतो. चांगल्या पायाने उठा, त्याच्यासारखं पाऊल टाका, असं सांगता येतं. दोन्ही नवे असले की तुलना करायला काही उरत नाही आणि पहिले दोन-तीन आठवडे फार हाल होतात, संडासला बसणं-उठणं हीच मोठी कसरत. उलट वर्षभराने पाहिलं तर चाल जास्त समान असते, कारण लंगडायला दुखरा पाय शिल्लक नसतो. एक एक करायचे की दोन्ही, हे हृदय, वजन आणि घरात उचलायला कोण आहे यावर ठरवा. भानावर नको.

भान वाढवायला कोणते व्यायाम करायचे?

पहिले पंधरा दिवस फक्त स्नायू जागा करायचा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबा, पाच अंक मोजा, सोडा. वाटी वर सरकते का ते बोटाने चाचपा. सरकली म्हणजे स्नायूने हुकूम ऐकला. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. बरं वाटतं म्हणून ठेवतात आणि मग पाय कायमचा किंचित वाकडा राहतो.

नीट उभं राहता यायला लागलं की माझा आवडता प्रयोग. शेजारून आणखी एक वजनकाटा मागून आणा. दोन काटे जवळजवळ ठेवा, समोर ओटा किंवा जड टेबल. एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून ‘दोन्ही पायांवर सारखं वजन’ वाटेल असं उभं राहा. मग खाली बघा. सत्तर किलोच्या बाई, ‘अगदी सारखं आहे’ असं शपथेवर सांगतात आणि काटे म्हणतात ४२ आणि २८. हे लबाडीने होत नाही, शरीराला खरंच सारखं वाटत असतं. आता काट्यांकडे बघत वजन ३५-३५ करा. त्यांना ते तिरकं उभं राहिल्यासारखं वाटेल. ते वाटणं बदलेपर्यंत रोज दोनदा करा. पुढे न बघता आधी वजन वाटा आणि मग बघा. खुर्चीतून उठतानाही तेच. बहुतेक जण उठताना सगळा भार चांगल्या पायावर टाकतात, वर्षानंतरसुद्धा.

त्यानंतर ओट्याला बोटं टेकवून एकापुढे एक पावलं ठेवून उभं राहणं. फरशीच्या रेषेवरून चालणं. ओट्याच्या कडेकडेने बाजूला आणि मागे चालणं. मागे चालताना डोळे मदतीला येत नाहीत, पायालाच जमीन शोधावी लागते. ऑपरेशनच्या पायावर एकट्याने उभं राहणं, आधी पाच सेकंद, मग दहा. सहा-आठ आठवड्यांनंतर, फिजिओने हो म्हटल्यावर, घडी घातलेल्या सतरंजीवर हेच सगळं. डोळे मिटून करायचं तर ओट्याला हात आणि शेजारी माणूस हवाच.

शेवटचा टप्पा बोलता बोलता चालण्याचा. काही जण प्रश्न विचारला की चालायचे थांबतात. सगळं लक्ष पायात गुंतलेलं असतं, त्याची ती खूण. सत्तावीसचा पाढा म्हणत चाला. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत न सांडता न्या. एक आजोबा रोज हॉलमध्ये सांडून आजींचं बोलणं खायचे. ज्या दिवशी कोरडी फरशी मागे ठेवून पोचले, त्या दिवशी मी त्यांची काठी ठेवून घेतली.

ताकदीचे व्यायाम सोडून नुसता तोल करू नका. दोन्ही लागतात. नुसत्या तोलाच्या व्यायामाने मोठा चमत्कार झाल्याचं दिसत नाही, ताकदीच्या जोडीने केल्यास तोल आणि चाल दोन्हींना फायदा होतो.

काठी कुठल्या हातात धरायची? जिना कसा चढायचा?

ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा असेल तर काठी डाव्या हातात. घरचे हमखास उलटं सांगतात. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. उतरणं जास्त अवघड जातं आणि सगळ्यात शेवटी जमतं, कारण तिथे स्नायूला लांबत लांबत भार धरायचा असतो.

नी कॅप, करंट, मालीश?

नी कॅप कातडीला घट्टपणाची जाणीव देते, त्यामुळे काहींना धीर येतो. थोडा वेळ घालायला हरकत नाही, सवय नको, रात्री तर नकोच. मांडीच्या स्नायूला दिलेला करंट सुरुवातीच्या आठवड्यांत, स्नायू अजिबात ऐकत नसेल तर, खरोखर उपयोगी पडतो. तो स्नायू आवळणारा असावा, नुसता गुदगुल्या करणारा नव्हे. मालिशीने बरं वाटतं, पण त्याने भान वाढत नाही. टाक्यांवर तेल तर मुळीच नाही.

खाली मांडी घालून बसता येईल का?

खुर्चीतून उठायला गुडघा साधारण ९० ते १०० अंश वाकावा लागतो, मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला ११० च्या बराच वर. काहींचा तेवढा वाकतो, पण तिथे भार टाकणं आणि मुख्य म्हणजे तिथून उठणं यात तोल जातो. सर्जनना विचारा. बहुतेक जण नको म्हणतील आणि मीही त्यांच्याच बाजूची. पंगतीला तुमच्यासाठी एक टेबल लावलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

ताबडतोब डॉक्टरांना कधी गाठायचं?

पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, दम लागला. ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येतोय. पाय सरळ उचलताच येत नाही, जो काल उचलता येत होता. पाऊल वर उचललं जात नाही, चप्पल पायातून निसटते, बोटं फरफटतात. किंवा तुम्ही पडलात, दुखत नसलं तरी. यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पुढच्या आषाढीला वारीला जाता येईल का?

वर्ष उलटून गेलं असेल, बाकी प्रकृती ठीक असेल, तर ही विचारायलाच हवी अशी गोष्ट आहे आणि मी हसून उडवून लावत नाही. आळंदी ते पंढरपूर सगळं पायी नको. एखादा सपाट टप्पा निवडा. पुणे ते सासवड हा टप्पा लांबलचक आणि त्यात दिवे घाट, तो पहिल्या वर्षी नकोच. तयारी चार महिने आधी सुरू करा, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत, आणि त्यातले निम्मे दिवस गुळगुळीत जॉगिंग ट्रॅकवर न जाता खडबडीत रस्त्यावर चाला. गर्दीत पाय दिसत नाहीत, खाली चिखल असतो, मागून धक्का येतो. पाऊल डोळ्यांच्या मदतीविना पडायला हवं. काठी सोबत ठेवा, गरज नसली तरी. काठी दिसली की लोक जागा देतात.